नाक्यावरून न आलेली कोकरं

केराबाईला विसाच्या पुढं मोजता येत नसे, आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नव्हतं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, शिरताना ती तोंडाशी उभी राहायची आणि एकेकीकडं बघायची. एखादी मागं राहिली असेल तर कोणती राहिली ते तिला तिथंच कळायचं. आकडा पाहिजे असेल तर तिचा धाकटा दीर बिरप्पा होता. नवरा तापात गेला तेव्हा ती तिशीची होती. नात्यातल्या लोकांनी कळप विकून टाकायला सांगितलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन स्वतःच मेंढरांमागं निघाली.

तिचं गाव माण नदीच्या काठी, सांगोल्याकडं. ज्वारी निघाली की ती दर साली आमच्या शेतात मेंढरं बसवायला यायची. आमचं शेत सोलापूरच्या उत्तरेला, बार्शीच्या वाटेवर. मेंढरं रोज रात्री एकेका वावरात बसवायची, लेंड्यांनी रान पोसायचं, आणि त्याबद्दल माझे वडील निंगप्पा तिला ज्वारी घालायचे. पुढची हकिकत मी वडिलांच्या तोंडून आणि खुद्द केराबाईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की दोघांच्या सांगण्यात फरक कुठं पडतो तेही मला पाठ आहे.

साल एकोणीसशे सत्तावीस, चैत्राचे दिवस. एरवी ती शहराला बाहेरून वळसा घालून यायची. त्या वर्षी बाहेरच्या वाटेवर काही लोकांची ज्वारी अजून उभी होती. मेंढरांनी तोंड घातलं तर भांडण नको, म्हणून ती सरळ शहरातून निघाली. नेमका मंगळवार, बाजाराचा दिवस.

दक्षिणेच्या जकात नाक्यावर बाळासो नावाचे कारकून नुकतेच रुजू झाले होते. माणूस सरळ, पण चुकायची भीती फार. विकायचा माल शहरात आला तर त्यावर जकात; नुसता पुढं जाणारा असेल तर अनामत ठेवून पास घ्यायचा आणि पलीकडच्या नाक्यावर अनामत परत मिळायची, असा नियम. बाळासोंनी विचारलं, "बाई, मेंढरं बाजारात चाललीत का?"

"न्हाई वं. निंगप्पाण्णाच्या रानात बसवाय चाललोय."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच वेळी एका खाटकानं बिरप्पाला मेंढ्याची किंमत विचारली, आणि बिरप्पानं ती छाती काढून मोठ्यानं सांगितली. ती बाळासोंनी ऐकली.

"किंमत सांगताय आणि विकायची नाहीत म्हणताय?"

केराबाईनं दिराकडं असं बघितलं, की तो दोन पावलं मागं सरला. पण बोललेला शब्द परत कसा येणार? जकात भरायला किंवा अनामत ठेवायला तिच्याकडं रोख नव्हती. होती ती पिशवीत भाकरी आणि चटणी. "इकायचंच न्हाई तर पट्टी कशाची भरू?" एवढंच ती सांगत राहिली. शेवटी पंचनामा झाला. अडतीस मेंढ्या, एक मेंढा, एकूण नग एकोणचाळीस. सगळी कोंडवाड्यात गेली. आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर लिलाव होईल, असं बाळासोंनी तिला समजावून सांगितलं. सांगताना त्यांचाच आवाज खाली गेला होता, असं केराबाई म्हणायची.

ती रडली नाही. बिरप्पाला आमच्याकडं पिटाळलं आणि स्वतः कोंडवाड्याच्या भिंतीला पाठ लावून बसली. दिवसा बाभळीच्या शेंगा गोळा करायची, पाला आणायची आणि भिंतीवरून आत टाकायची. आतलं काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बुधवारी दुपारी ती राखणदाराला म्हणाली, "मामा, आत माझी बांडी याली बगा. कोकराला जरा सावलीला घ्या की."

राखणदार आत जाऊन आला आणि तिच्याकडं बघतच राहिला. खरंच बांड्या मेंढीपाशी ओलं कोकरू उभं राहायची खटपट करत होतं.

वडील गुरुवारी पोहोचले. सोबत त्यांच्या ओळखीचे शिवयोगी वकील होते. वकिलांनी कोंडवाड्यासमोरच मांडी घालून सगळं विचारून घेतलं आणि फीचं नाव काढलं नाही. "खटला जिंकलो तर एक घोंगडं द्या," म्हणाले. "माझ्या घरचं जुनं झालंय."

"आन् हारलो तर?" केराबाईनं विचारलं.

"तर घोंगडं कुठून देणार तुम्ही? लोकर तर आत आहे."

ती हसली. तीन दिवसांतलं ते तिचं पहिलं हसू, असं वडील सांगत.

शुक्रवारी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात अर्ज झाला. साहेब वयस्कर होते, कानाला जरा कमी, त्यामुळं सगळं नीट दोनदा ऐकायचे. वकिलांनी मांडणी साधी ठेवली. जकात लागते की नाही ते कोर्ट सावकाश ठरवील. पण हा माल पेटीत ठेवायचा नाही. तो खातो, पितो आणि उन्हानं मरतो. निकाल बाईच्या बाजूनं लागला आणि तोवर माल मेला, तर त्या निकालाचा उपयोग काय?

नाक्याच्या बाजूचे वकील म्हणाले, "सोडली तर ही बाई उद्या सगळी विकून मोकळी होईल."

साहेबांनी हुकूम सांगितला. निंगप्पांनी जामीन राहावं. निकाल लागेपर्यंत एकही नग विकू नये. कोर्टाच्या बेलिफानं स्वतः हजर राहून, पंचनाम्याशी ताडून एकोणचाळीस नग मालकिणीच्या ताब्यात द्यावेत, आणि तसा अहवाल कोर्टात आणावा.

शनिवारी सकाळी बेलीफ भीमाशंकर हुकूम घेऊन कोंडवाड्यावर आला. बाळासोही आले. दार उघडलं, तर आत भलतीच गर्दी. केराबाईची मेंढरं, शिवाय गावातल्या मोकाट सापडलेल्या दहा-बारा शेळ्या-मेंढ्या.

"यातली तुमची कोणती ते कसं ठरवायचं?" भीमाशंकरनं विचारलं.

"तुमी नका ठरवू. तीच ठरवतील."

केराबाई दारात उभी राहिली आणि जिभेनं टाळूवर आवाज काढला. आतली गर्दी हलली. एकेक करून तिची मेंढरं तिच्याभोवती जमा झाली. बाकीची होती तिथंच रवंथ करत बसली. भीमाशंकरला इतका आनंद झाला, की त्यानं तिला पुन्हा एकदा तो आवाज काढायला लावला. मग त्यानं मोजणी केली. पुन्हा केली. बाळासोंनीही केली.

चव्वेचाळीस.

चार दिवसांत पाच मेंढ्या व्याल्या होत्या.

बाळासोंनी हुकूम मागून घेऊन पुन्हा वाचला. "हुकूम एकोणचाळीसचा आहे. पाच जास्त सोडले तर उद्या मलाच जाब विचारतील."

"मग पाच ठेवून घ्या," बिरप्पा म्हणाला.

"आणि दूध कोण पाजणार त्यांना?"

भीमाशंकरची वीस वर्षं नोकरी झाली होती. जप्त केलेला माल कमी भरला, असं त्यानं पुष्कळदा लिहिलं होतं. जास्त भरला, असं कसं लिहायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं अहवालाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चला, साहेबांनाच विचारू."

शनिवारचं काम आटोपून साहेब उठायच्या बेतात होते. सगळी वरात बघून ते पुन्हा खुर्चीत बसले. बाळासोंनी अडचण सांगितली. ऐकायला कमी आलं म्हणून साहेबांनी ती पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"म्हणजे माल सरकारी कुलपात असताना वाढला?"

"होय साहेब."

नाक्याचे वकील उठले. "कोकरं पंचनाम्यात नाहीत. तेव्हा तो नवा माल झाला. त्यावर वेगळी जकात लागेल, आणि जामीनही वाढवून घ्यावा लागेल."

शिवयोगी वकील उत्तराला उठत होते, तेवढ्यात केराबाईनं हात जोडले. "सायेब, मी बोलू का?"

"बोला."

"जकात नाक्यावनं येणाऱ्या मालावर आसती न्हवं?"

"हो."

"मग ही पिल्ली नाक्यावनं आलीच न्हाईत. ती हितंच जल्मली. माज्या पायानं नाका वलांडला, मेंढरांच्या पायानं वलांडला. ह्येंच्या पायाला आजून रस्ताबी ठावा न्हाई. मी सांगोल्याची आसंन सायेब, पन ही पाच जनं सोलापूरचीच की."

सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदारांनी तोंडाला रुमाल लावला. साहेब हसले नाहीत. त्यांनी टाक उचलला आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं: जप्तीत झालेली वाढ मूळ मालकाची. पाच कोकरं शहराच्या हद्दीत जन्मली असल्यानं ती हद्दीत आणली गेली असं म्हणता येत नाही. सबब त्यांवर जकात नाही. बेलिफानं चव्वेचाळीस नग ताब्यात द्यावेत. वर त्यांनी बाळासोंकडं बघून म्हटलं, "तुम्ही न विचारता सोडली नाहीत, आणि आयांपासून तोडलीही नाहीत. बरोबर केलंत."

बाळासोंचा चेहरा त्या वेळी कोकरापेक्षा कोवळा झाला होता, असं वडील म्हणत.

त्या संध्याकाळी मेंढरं आमच्या शेतात आली. माझी आई चन्नम्मा आरती घेऊन बांधावर उभी होती. "आधी पाणी दाखवा त्यांना," केराबाई म्हणाली, "ववाळनी मागनं करा." कोकरं बिरप्पाच्या घोंगड्यात होती; पाचही डोकी बाहेर काढून ती आईकडं बघत होती.

मूळ तक्रारीची तारीख दोन महिन्यांनी लागली. मधे भीमाशंकर दोनदा शेतावर येऊन मोजून गेला. दुसऱ्या खेपेला मोजणी लवकर उरकली आणि जेवण लांबलं. कोर्टात त्यानं एकही नग कमी नसल्याचं सांगितलं. वडिलांनी मेंढरं बसवायचा करार सांगितला. राहिला प्रश्न किमतीचा. साहेबांनी बिरप्पाला विचारलं, "विकायचा नव्हता, तर मेंढ्याची किंमत का सांगितली?"

बिरप्पानं पागोटं सारखं केलं. "सायेब, आमचा मेंढा लई देखना हाय. कुनी इचारलं तर गप कसं ऱ्हायाचं? पन मी मोटी सांगितली. कुनी घिऊ न्हाई म्हून."

"केवढी?"

बिरप्पानं आकडा सांगितला. साहेबांना तो पहिल्याच खेपेला ऐकू गेला. "या किमतीला तर बैलजोडी येते," ते म्हणाले, आणि मेंढरं विक्रीची नव्हती असं लिहून जकातीची मागणी रद्द केली. पुढच्या वेळी मात्र पास घ्यायचा, अशी ताकीद केराबाईला दिली.

तिनं ती मनावर घेतली. पुढच्या साली ती अनामतीचे पैसे कनवटीला लावून आली आणि नाक्यावर स्वतःच हाक मारली, "कारकूनसायेब, पास फाडा." बाळासोंनी सगळी मेंढरं मोजली आणि पेन थांबवून हळूच विचारलं, "केराबाई, यातल्या गाभण किती?"

"का वं?"

"नाही, पलीकडच्या नाक्यावर आकडा जुळायला पाहिजे. आधीच लिहून ठेवलेलं बरं."

"सात," ती म्हणाली. "पन घाबरू नका. रस्त्यात न्हाई व्यायच्या."

शिवयोगी वकिलांचं घोंगडं त्याच फेरीत पोहोचलं. ते वकिलीणबाईंना इतकं आवडलं, की वकिलांना जुनंच वापरावं लागलं.

पुढं माण काठच्या मेंढपाळांत केराबाईचं नाव झालं. एकदा नातेपुत्याचा एक लोकरीवाला आमच्या शेतावर तिला शोधत आला. त्याची लोकर लादलेली तट्टं कुठल्याशा नाक्यावर अडकली होती. तिनं त्याला बसवलं, ताक दिलं आणि विचारलं, "भांडून आलायस का कागद घिऊन आलायस?"

"भांडून."

"मग परत जा. पंचनाम्याची नक्कल माग, हात जोडून माग. ती मिळाली की परत ये, मी येती तुज्यासंगं वकिलाकडं."

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद छातीशी धरून परत आला, तेव्हा केराबाई लुगडं बदलून बांधावर तयार उभी होती.