वहिनीने न पाहिलेली शर्यत

दादाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून गाडी मी चालवायची ठरली. नाहीतर माझ्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी गप्प बसण्याइतका माझा भाऊ सुधारलेला नाही. बसला, पण गप्प नाही. "तिसरा टाक, तिसरा!" हे मी एवढ्या वेळा ऐकलं की परत आल्यावरही कानात तेच चालू आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी लखनौला विकास नगरात दादा-वहिनींच्या वरच्या मजल्यावर राहते. दादा एअर फोर्समधून इथेच रिटायर झाला, मी इथल्याच एका संशोधन संस्थेतून. मूळचे आम्ही मिरजेचे. दादाचा एकुलता एक मुलगा निखिल सायकलपटू आहे, हौशी नव्हे, पगारी. देशात टप्प्याटप्प्याने होणारी एक मोठी शर्यत यंदा लखनौत संपणार होती आणि त्यानंतर तो सायकल सोडणार होता. चौतिशी आली, गुडघा कुरकुरायला लागला, संघाने पुढचा करार केला नाही. झालं.

आता वहिनीबद्दल. निखिल चौदा वर्षांचा असताना कॅन्टोनमेंटमध्ये मुलांची शर्यत होती. वहिनी दोरीला टेकून उभी होती. तो समोरून जाताना ती "निखिल!" म्हणून जीव तोडून ओरडली, त्याने मान वळवली आणि धाडकन आपटला. खांद्याजवळचं हाड मोडलं. त्या दिवसापासून वहिनीने त्याची एकही शर्यत पाहिलेली नाही. मोबाईलवर लागली तरी ही उठून स्वयंपाकघरात. "माझी दृष्ट लागते त्याला," एवढंच बोलायची. शर्यतीच्या दिवशी सकाळी त्याच्या फोटोवरून मीठ-मोहऱ्या उतरवायची आणि संध्याकाळी फोन येईपर्यंत घासभरही खायची नाही.

यंदा त्याने फोनवर हट्टच धरला. निखिलला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देतो. लखनौची पोरं ती. "आई, इस बार घर पे है। लास्ट है। आना पड़ेगा।"

वहिनीने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी येते. गोमती नगरात. ओरडणार मात्र नाही."

म्हणजे बेत असा ठरला: शेवटून तिसरा टप्पा सुलतानपूरला संपतो, तो आणि तिथून बाराबंकीला जाणारा, असे दोन मी आणि दादा पाहणार. लखनौतला शेवटचा टप्पा पाहायला वहिनी येणार. निखिलने जिंकावं असं आमच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने फक्त लखनौपर्यंत शर्यतीत टिकायचं होतं.

सुलतानपूर

निघताना पाहते तर दादाने स्वतःची जुनी लोखंडी सायकल गाडीच्या टपावर बांधलेली. सैन्यदलांच्या सर्व्हिसेस संघाकडून तो कधीकाळी हिच्यावर शर्यती खेळला होता.

"ही कशाला?"

"असू दे. लागली तर."

"कोणाला लागणार आहे रे?"

"तू पुढे बघ. स्कूटी येतेय."

एक्सप्रेसवेने गेलात तर रस्ता फर्स्टक्लास आहे, टोल भरायची तयारी ठेवा. पण सकाळी लवकर निघू नका. जानेवारीतलं धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेपर्यंत आपण त्याच्या बुडाशी पोचलेले असतो. ऊन दोन्ही दिवस पडलंच नाही. बटाट्याची शेतं, विटांच्या भट्ट्या, सगळं एकाच मळकट रंगाचं. मध्ये एका ढाब्यावर तहरी खाल्ली, म्हणजे मटार-बटाटे घातलेला पिवळा भात. सोबत हिरवी चटणी. तीन दिवसांत मनापासून चांगलं वाटलेलं तेवढंच. सुलतानपुरात हॉटेलची खोली अडीच हजारांत मिळाली. गीझर होता, पाणी गरम होत नव्हतं.

सायकल शर्यत पाहायला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तुम्ही चार तास उभे राहता आणि ती अर्ध्या मिनिटात संपते. पोलिसांच्या मोटारसायकली, भोंगे, मग सू करून एक रंगीत लोंढा, मग संघांच्या गाड्या. शेजारच्या मफलरवाल्या काकांनी नातवाला खांद्यावरून उतरवत विचारलं, "बस, इतना ही था?"

"इतना ही होता है," दादा म्हणाला, आणि त्यांच्यापेक्षाही हिरमुसला. त्याला निखिल दिसलाच नव्हता. मला दिसला होता, पण मी बोलले नाही.

नंतर संघाच्या बसजवळ भेट झाली. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. मी तिळाचे लाडू पुढे केले तर म्हणाला, "आत्या, अभी नहीं, वज़न।" कसलं वजन मेल्या, हाडं दिसतायत!

संघातलं त्याचं काम मदतनिसाचं. कॅप्टनला पाणी आणून द्यायचं, वारा स्वतःच्या अंगावर घ्यायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. कॅप्टन मणिपूरचा एक हसरा मुलगा, एकूण वेळेत दुसरा होता, पहिल्यापासून काही सेकंदच मागे. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमचा पोरगा हमाल आहे हो." हसत सांगायचा, पण मला ते कधी आवडलं नाही.

"आई येणारे ना?" हे मात्र निखिलने मराठीत विचारलं.

"साडीसुद्धा काढून ठेवलीय," दादा म्हणाला.

सुलतानपूर ते बाराबंकी

दुसऱ्या दिवशी आम्ही जगदीशपूरच्या पुढे नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाजवळ जागा धरली. इथे रस्ता अरुंद होतो, त्यामुळे सायकली अगदी जवळून दिसतात. पश्चिमेचा बोचरा वारा, तोही नेमका शर्यतीच्या तोंडावर. या भागात मोकाट गुरं फार, लोक 'छुट्टा जानवर' म्हणतात, म्हणून दर थोड्या अंतरावर एक होमगार्ड लाठी घेऊन उभा. आमच्या वाट्याचा होमगार्ड शेकोटीला बसला होता.

लोंढा आला. आणि आमच्या डोळ्यांदेखत कॅप्टनने हात वर केला. पुढचं चाक बसलं होतं. पुलाच्या कठड्याशी तो थांबला, त्याच्या मागोमाग निखिल थांबला. निखिलने आपलं पुढचं चाक काढलं, त्याच्या सायकलला बसवलं, पाठीवर हात ठेवून ढकलून दिलं. सगळं इतक्या झटपट की दादाच्या तोंडातून "अरे" निघेपर्यंत कॅप्टन वळणाआड गेला.

निखिल तिथेच उभा. एका हातात चाक नसलेली सायकल, दुसऱ्यात पंक्चर झालेलं चाक. आमच्यापासून दहा पावलांवर. आता संघाची गाडी येईल, नवीन चाक देईल, हा जाईल. पण गाडी येईना. मागे नहरेच्या अलीकडे एक वळू रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला होता, आणि सगळ्या संघांच्या गाड्या त्याच्या पलीकडे भोंगे वाजवत अडकल्या होत्या. भोंग्यांनी तो आणखीच बिथरला. शेकोटीवरचा होमगार्ड लाठी घेऊन पळाला, मग त्याच वेगाने परत आला.

"जीजी, हम का करें, ऊ सींग दिखावत है," तो मला म्हणाला.

तोवर दादाने टपावरची दोरी सोडली होती. काढलं त्याने स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक आणि निघाला की घेऊन! बहात्तर वर्षांचा माणूस, डोळ्यावर काळा चष्मा, हातात चाक.

"बाबा, नहीं।"

"घे. बसतंय का बघ."

"बाबा, नहीं बैठेगा। डिस्क ब्रेक है इसमें।"

"मग सगळी सायकलच घे ना! जा!"

"बाबा, बाहर वाले से कुछ नहीं ले सकते। निकाल देंगे मुझे।"

"बाहेरचा?" दादा म्हणाला. "मी बाहेरचा?"

निखिल मान खाली घालून उभा राहिला. घाम वाऱ्याने गार पडून पोरगं थरथरायला लागलं होतं, आणि मला माझी शालसुद्धा त्याच्या अंगावर टाकायचा धीर झाला नाही. कोण जाणे, शालीलाही नियम असेल! इतक्या जवळून, इतका वेळ मी त्याला शर्यतीत कधीच पाहिलं नव्हतं. पाहवत नव्हतं.

शेवटी वळू आपल्या मर्जीने शेतात उतरला. गाडी आली, चाक आलं, निखिल गेला. दादाने चाक परत सायकलला बसवलं. नट मी घट्ट करून दिला.

शर्यतीच्या सगळ्यांत मागे एक गाडी असते. ती पुढे गेली की रस्ता लोकांना मोकळा होतो. त्या दिवशी तिच्या पुढे फक्त निखिल आणि लगेच मागे आम्ही. आमच्या मागे ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक, सगळे हॉर्नवर हात ठेवून. हैदरगढपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये चालवली आणि दादा एकदाही "तिसरा टाक" म्हणाला नाही. पुढे निखिलची वाकलेली पाठ दिसत होती. लोंढ्यात असलं की वारा वाटला जातो. एकट्याला तो सगळाच घ्यावा लागतो.

नियम साधा आहे. पहिल्या माणसाला जेवढा वेळ लागला, त्याच्यापेक्षा ठराविक वेळाहून जास्त मागे राहिलात तर दुसऱ्या दिवशी तुम्ही नाही. दादा मनातल्या मनात हिशोब करत होता. हैदरगढनंतर त्याने घड्याळावर बाही ओढून घेतली, तेव्हाच मला कळलं.

बाराबंकीला आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढायला सुरुवात झाली होती. निखिलने अर्धवट लोंबणाऱ्या कमानीखालून, मान तिरकी करून रेषा ओलांडली. गळ्यात कार्ड अडकवलेल्या एका बाईंनी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि त्याने स्वतःच पाठीवरचा नंबर काढून त्यांच्या हातात दिला. आमच्याकडे आला.

"चलो, घर चलते हैं।"

"आईला मी सांगू का?" मी विचारलं.

"मैं बताता हूँ।" त्याने फोन लावला. "आई, मी बाद झालो." पलीकडून वहिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तो नुसता "हो, हो" करत होता.

गोमती नगर

शेवटच्या दिवशी जायचंच नाही असं मी धरून चालले होते. पण खाली आले तर वहिनी काढून ठेवलेली साडी नेसून, वरून स्वेटर घालून तयार. निखिलही म्हणाला, संघ आहे, जायला हवं. गेलो. गाडी दूर लावा आणि पुढे ई-रिक्षाने जा, एवढी एक सूचना. मॉलसमोर चिक्कार गर्दी होती, डीजे होता, फुगे होते. विकास नगरातले चारपाच शेजारीही आले होते. दादानेच आठवडाभर सगळ्या सेक्टरला आमंत्रण दिलं होतं ना! "अरे, निखिल भैया इधर कैसे?" असं ज्याने त्याने विचारलं आणि प्रत्येकाला निखिलनेच हसून उत्तर दिलं. दादा पाण्याची बाटली आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आला नाही.

सायकली त्याच रस्त्याने फेऱ्या मारत होत्या. दर फेरीला वहिनी कठड्याला धरून एकेका चेहऱ्याकडे बघायची. डोळे मिटले नाहीत तिने, एकदाही.

"तू दिलेलं चाक कुठलं रे?" तिने विचारलं.

"वो तो रात को ही बदल दिया, आई।"

कॅप्टन शेवटी तिसरा आला. दुसरासुद्धा राहिला नाही. व्यासपीठावरून त्याने गर्दीत कोणाला तरी शोधत हात हलवला. तो निखिललाच असावा असं मी धरून चालते.

घर

तुम्हाला अशी शर्यत पाहायची असेल तर जरूर जा. थर्मास न्या, घडीची खुर्ची न्या, टप्प्याच्या शेवटच्या रेषेपेक्षा मधलं एखादं अरुंद वळण गाठा. मला विचाराल तर मी पुन्हा जाणार नाही.

घरी आल्यावर वहिनीने सगळ्यांना खिचडी वाढली. देवघरापुढच्या वाटीत मीठ-मोहऱ्या तशाच होत्या. ती वाटी हातात घेऊन ती उभी राहिली.

"काल मी इथेच होते ना?" ती म्हणाली. "इथेच बसले होते. फोनसुद्धा उलटा ठेवला होता."

"हो गं," दादा म्हणाला. "तुझा काय संबंध? वळू होता तो."

"तेच म्हणतेय. मी नव्हते, तरी झालं." तिने वाटी कट्ट्यावर ठेवली. "म्हणजे दृष्ट नव्हतीच माझी. वीस वर्षं मी उगाच घरात बसले."

निखिल ताटावरून उठला. आईजवळ जाऊन नुसता उभा राहिला.

"बस, जेव आधी," ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तू पाहिलंस ना त्याला, पुलावर? सांग मला. कसा दिसत होता?"

मी सांगितलं. चाक कसं काढलं, कॅप्टनला कसं ढकललं, वाऱ्यात एकटा कसा गेला, सगळं सांगितलं. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "अजून सांग." पण माझ्याकडे तेवढंच होतं.