शनिवारचं ताट

आक्कांना कुणाशी भांडायचं असलं की त्या आधी हात धुवायच्या. नळाखाली कोपरापर्यंत हात चोळायचे, पदराला पुसायचे आणि मग वाढणाऱ्याच्या हातातली पळी मागून घ्यायची. आता या कुणापुढे जाऊन बसतात, याकडे सगळ्या जेवणघराचे डोळे लागायचे. शनिवारी मी नळापासून लांबची जागा धरायचो ती यामुळे.

हे समजायला आधी आमची वस्ती सांगायला हवी. मेढ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही सात ख्रिस्ती कुटुंबं एकत्र राहतो. घरं वेगळी, पण चूल एक, शेत एक आणि सकाळची प्रार्थना एक. एकत्र राहायचं म्हणजे नियम हवेत, आणि नियम लिहायचे म्हणजे मी हवा. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून मी इथे आलो होतो. एकोणीस नियम मी तयार केले आणि जेवणघरातल्या लाकडी फलकावर माझ्या हाताने रंगवले. सातवा नियम माझा विशेष लाडका. ज्याच्याविषयी मनात काही असेल त्याला शनिवारी दुपारी आपण होऊन ताट वाढावं, त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसावं आणि मग कारण त्याला एकट्याला सांगावं. ऐकणाऱ्याने उत्तर देऊ नये. रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेण्याआधी मन स्वच्छ असावं, असा त्यामागचा हेतू. पाहुणे यायचे, फलकाचे फोटो काढायचे, "किती सुंदर विचार आहे सर!" म्हणायचे. नियम पाळला मात्र कुणीच नव्हता.

आक्का आल्या त्या सांगलीकडून, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, सगळी हयात दवाखान्यात आया म्हणून काढलेली. अक्षर लावून लावून वाचायच्या, म्हणून फलक मीच त्यांना वाचून दाखवला. सातव्या नियमापाशी त्यांनी मला थांबवलं.

"ह्ये बेस हाय. कितींदा झालं असं?"

"अजून तशी गरज पडली नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"सात घरं, येक चूल, आन गरज न्हाई पडली?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताप नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहत असतील. पुढच्याच शनिवारी त्यांनी हात धुतले आणि पळी घेऊन थेट माझ्यापुढे येऊन बसल्या.

मला घास गोड लागला नाही. जेवण झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमी प्रार्थनेत नावं घिऊन लोकांच्या चुका देवाला सांगता. त्येला ठावं हायत की त्या. तुमी आमालाच ऐकवताय न्हवं?" नियमाप्रमाणे मला उत्तर देता येईना. नियम माझाच होता. सकाळच्या प्रार्थनेत त्यानंतर मी कुणाचं नाव घेतलं नाही आणि प्रार्थना एकदम निम्म्यावर आली. याबद्दल आमच्यातल्या तरुण विजयने आक्कांचे आभार मानले, माझे नाही.

मग वस्तीला ते वळणच लागलं. दर शनिवारी कुणीतरी कुणाला तरी वाढू लागलं. आक्कांनाही लोक वाढायचे, त्यांच्या मोठ्या आवाजाबद्दल, पहाटे भांडी वाजवण्याबद्दल. त्या शेवटचा घास नीट चावून खायच्या, गाऱ्हाणं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बराबर हाय." म्हणजे तुझं म्हणणं पोचलं, आता झालं. एवढ्यावर वर्षभराची अढी सुटायची. सातवा नियम मी लिहिला होता, पण लोक त्याला "आक्कांचं ताट" म्हणू लागले, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चौथ्या नियमाचंही तसंच. 'प्रत्येकाने इतरांच्या खासगीपणाचा यथोचित आदर राखावा' हे वाक्य जमवायला मला दोन दिवस लागले होते. आक्का म्हणाल्या, "येका आवारात ऱ्हायाचं तर खोकाया शिका. दुसऱ्याच्या दारात जायच्या आदी खोकायचं. झालं." आठवड्यात सगळी वस्ती खोकू लागली. आलेल्या एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन इथे क्षयाची साथ आहे का, असं विचारलं. माझं वाक्य अजूनही फलकावर आहे. ते पाठ असलेला एक तरी माणूस दाखवा.

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. पहिल्या दिवसापासून. आता एवढं मोकळं लिहितोय, पण तेव्हा मी त्याला निरनिराळी नावं द्यायचो. शिस्तीची काळजी, शास्त्राचा अभ्यास कमी असणाऱ्यांविषयीची सावधगिरी, असं बरंच काही. विजय आणि रूथ या आमच्यातल्या सर्वांत तरुण जोडप्याचं बिनसलं, तेव्हा मी चार पानांची टिपणं काढून त्यांची वाट पाहत बसलो. ती दोघं आक्कांच्या पडवीत गेली. आक्कांनी मध्ये एक सूप ठेवलं, शेजारी सोलायला घेवड्याच्या शेंगांचा ढीग ओतला आणि म्हणाल्या, "सूप भरंस्तवर कुनी बोलायचं न्हाई. भरल्यावर काय ऱ्हायलं असंल त्ये बोला." सूप भरलं तेव्हा रूथ हसत होती. संध्याकाळी त्या घेवड्याची उसळ मलाही वाढली गेली, आणि ती चांगली झाली होती याचासुद्धा मला राग आला.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते माझ्या बायकोचं. शालिनी रोज दुपारी आक्कांकडे जायची. आमचा मुलगा पुण्याला गेल्यापासून तिला झोप लागत नव्हती, हे मला आक्कांकडून कळलं. आक्कांनी त्याबद्दलच मला ताट वाढलं होतं. "तुमी वस्तीतल्या समद्यांची इचारपूस करता. घरातल्या मानसाला बी घरचं समजून सोडू नका." त्या दिवशी मी शालिनीशी नीट बोललो, आणि रात्रभर जळफळत राहिलो. माझ्याच बायकोचं मन मला एका परक्या बाईने आणून द्यावं!

नऊ वर्षांत त्यांनी मला अकरा वेळा वाढलं. मी मोजत होतो. मी त्यांना एकदाही वाढलं नाही. शालिनी म्हणायची, "तुमच्या मनात आक्कांबद्दल आहे काहीतरी. वाढून टाका एकदा." मी म्हणायचो, "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही." वाढायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांच्यात खोट काढता आली असती तर मी केव्हाच पळी उचलली असती. पण त्या चांगल्या आहेत, हे काय कारण झालं?

मग आक्कांना पोटाचं दुखणं निघालं. डोंगरातून दवाखान्याच्या खेपा जमेनात, तेव्हा सांगलीचा भाचा त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. शिरस्ता असा की गाऱ्हाणं असणाऱ्यांनी आधी वाढायचं, मग उरलेल्यांना पाळीची माणसं वाढतात. त्या दिवशी सगळ्यांची ताटं भरली आणि आक्का रिकाम्या ताटासमोर बसून राहिल्या. रूथची पाळी होती. ती पळी घेऊन पुढे झाली, तर आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय. घाई न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलोही असतो. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. रूथ डोळे पुसत आत गेली. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आक्कांनी आपल्या हाताने वाढून घेतलं आणि चार घास खाल्ले.

महिनाभराने भाच्याचा फोन आला की आता फार दिवस नाहीत. शालिनीने काही न विचारता डबा भरला आणि माझ्या हातात दिला. साताऱ्याहून सांगलीची एसटी धरली. कऱ्हाड गेलं तरी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आक्का खाटेवर होत्या, पार वाळून गेलेल्या. मला बघून आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाल्या, "सलाम मास्तर. आलात?" मी भाच्याला नळ कुठे आहे ते विचारलं आणि हात धुतले. ताट मागून घेतलं. मऊ भात, घेवड्याची उसळ वाढली आणि समोर बसलो. त्यांनी दोन घास कसेबसे गिळले.

"आक्का, माझं गाऱ्हाणं असं, की तुम्ही मला न विचारता वस्तीची सगळी घडी बदललीत."

त्यांनी डोळे मिटले. "मीठ कमी हाय, मास्तर."

भाच्याची बायको लगबगीने मिठाची बरणी घेऊन आली. आक्कांनी हातानेच नको म्हटलं. ती आत गेली.

"मला तुमचा हेवा वाटला," मी म्हणालो. "नऊ वर्षं. लोक तुमच्याकडे जायचे त्याचा. शालिनी जायची त्याचा. मी लिहिलं आणि तुम्हाला जमलं, त्याचा. अजूनही वाटतो."

त्यांनी ताटातलं एक घेवड्याचं बी उचललं आणि सावकाश चावलं. "आता बराबर हाय."

'बराबर हाय' म्हटल्यावर पुढे बोलायचं नाही, हा शिरस्ता मीच मोडला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आवं, रोज शेजारी बसून जेवतूय आपुन. मानसाचा घास कुटं अडकतूय त्ये दिसत न्हाई व्हय?" त्यांनी ताट बोटाने माझ्याकडे सरकवलं. "पर त्ये ताट तुमचं व्हतं. मी कसं मागून घ्यावं?"

परतीच्या गाडीत मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मरणाच्या दारात बसूनही या बाईला एका घासात माफ करता येतं, म्हणून मी इस्लामपूरपर्यंत चडफडत होतो.

चार दिवसांत आक्का गेल्या. त्यांना सांगलीतच माती दिली. आमची सगळी वस्ती दोन जीप करून गेली होती. दवाखान्यातल्या जुन्या बाया, भाच्याच्या गल्लीतली माणसं, कुठली कुठली पोरं येऊन रडत होती. माझ्या वेळी एवढी येतील का, हा विचार कबरीपाशी उभं असताना माझ्या मनात आला. आला तसा लिहिला.

त्यानंतरच्या शनिवारी मी जेवायला बसलो आणि नळाचा आवाज आला. मान वर केली तर रूथ पळी घेऊन माझ्यापुढे बसत होती. माझं जेवण होईपर्यंत ती मला हवं-नको बघत राहिली. सगळे ताटं धुवायला उठले तेव्हा म्हणाली, "सर, त्या दिवशी मी वाढायला गेले तर आक्का मला नको म्हणाल्या. मी त्यांचं एवढं केलं. आणि शेवटचं ताट त्यांनी तुमच्या हातचं घेतलं. मला तुमचा फार हेवा वाटतोय."

कुणीतरी आपला हेवा करावा, यासाठी मी आयुष्यभर झुरलो होतो. आता ते समोर आलं, तर त्या पोरीच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे मला बघवेना. "मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.

ती स्वतः जेवलीच नव्हती. जे सांगायला मला नऊ वर्षं लागली, ते तिने आठ दिवसांत सांगून टाकलं होतं. मला तिचा हेवा वाटला. मी उठलो, हात धुतले आणि तिचं ताट वाढायला घेतलं.