अण्णांचं उठणं

सावळाराम खुटवडांचे गुडघे फरशीनं खाल्ले. पुण्याच्या लोकांनी पानशेतच्या पाण्याकाठी बंगले बांधले. त्यातल्या बऱ्याच बंगल्यांत लोक आज ज्या फरशीवर अनवाणी फिरतात, ती सावळारामांनी बसवलेली. फरशीवाल्याचं आयुष्य उकिडवं जातं. बसायचं, फरशी ठोकायची, लेव्हल बघायची, उठायचं, वीतभर सरकायचं, परत बसायचं. वय झालं तसं ते काम सुटलं. पण बसणं-उठणं काही सुटलं नाही, कारण त्यांचं दुसरं काम चालूच होतं.

दुसरं काम म्हणजे केशव मोहरीकर होणं.

केशव मोहरीकर म्हणजे अण्णा, मोठे लेखक. डोंगरातल्या माणसांच्या गोष्टी लिहायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यांनी पुस्तकं वाचली त्यांना अण्णा पुस्तकांमुळे माहीत, आणि भोर-वेल्ह्यातल्या बाकी सगळ्यांना सावळारामांमुळे. 'अण्णा घरात आहेत' हा त्यांचा एकट्याचा खेळ तीसेक वर्षं चालू आहे. त्याला नाटक म्हटलेलं त्यांना चालत नाही. नाटकाला पडदा लागतो आणि भांडायला मंडळी लागतात. इथं एक बसकं मेज, एक दौत, कागदांची चळत, धोतर आणि टोपी. भांडायला गेनबा पुरतो. टेम्पो गेनबाचा, स्पीकर गेनबाचा, आणि खेळ कसा झाला हे न विचारता सांगायचं कामही गेनबाचंच.

हे सगळं सुरू झालं ते भोरच्या एका वाचनालयात. सावळाराम तिथं फरशी बसवत होते. कपाटं हलवायची म्हणून पुस्तकं खाली काढलेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अण्णांचं एक उचललं आणि त्या दिवशी दुपारचं काम उशिरा सुरू झालं. पुढं त्याच फरशीवर अण्णांचा सत्कार झाला. अण्णा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. खुर्ची नको म्हणाले, खालीच बसले मांडी घालून. शाल घातली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ. आणि अण्णा उठले. दोन्ही हात भरलेले, जमिनीला बोट न लावता, एका दमात सरळ उभे. लोकांनी भाषणाला टाळ्या वाजवल्या. सावळारामांनी त्या उठण्याला वाजवल्या. बसून उठायला किती लागतं, हे त्या सभेत त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

खेळात ते उठणं त्यांनी बरोबर जागेवर बसवलं. पुण्याहून प्रकाशक आलाय. तो दिसत नाही. समोर एक रिकामं बस्कर टाकलेलं असतं. प्रकाशक म्हणतो, तुमच्या गोष्टीतली विधवा शेवटी कुणाच्या तरी आधाराला लावा, म्हणजे पुस्तक खपेल. अण्णा ऐकून घेतात. एका हातात कागद घेतात, दुसऱ्या हातात दौत, आणि उठतात. उभं राहून एकच वाक्य बोलतात, "माझ्या गोष्टीतली माणसं कुणाचा हात धरून उठत नाहीत." या जागेवर टाळी पडली नाही असं गाव नाही.

आता गुडघे बोलायला लागले होते. गेनबानं सुचवून पाहिलं, अण्णांना खुर्चीत बसवू. सावळाराम म्हणाले, खुर्चीतले अण्णा मामलेदार दिसतात. मग गेनबा म्हणाला, एक हात टेक, कोण बघतंय? त्यावर सावळारामांनी बायकोसमोर, बनाबाईंसमोर, सांगून टाकलं की ज्या दिवशी हात टेकला त्या दिवशी खेळ बंद. अण्णांनी टेकला नव्हता. ज्याला ते जमत नाही त्यानं अण्णा होऊ नये.

बनाबाई म्हणाल्या, "मग मेज मला द्या. पापड लाटायला बरं पडंल."

मेज द्यायची वेळ येऊ नये म्हणून सावळाराम रोज सकाळी घरात उठण्याचा सराव करायचे. पलंगाजवळ बसायचे, म्हणजे पडलेच तर पलंगावर. दिवाळीनंतर एक दिवस जमायचं, दोन दिवस नाही. अशातच पासलीचं बोलावणं आलं. अण्णांची जयंती, भाताची झोडणी उरकलेली, गाव मोकळं. सावळारामांनी ताबडतोब हो म्हटलं आणि मग रात्रभर गुडघ्याला तेल चोळलं.

नसरापूर, वेल्हे करत टेम्पो पासलीत पोचला. गावात शिरताच गेनबानं ब्रेक मारला. रस्त्यावर हा मोठा फ्लेक्स. 'थोर लेखक कै. केशव मोहरीकर यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन.' खाली फोटो सावळारामांचा. टोपी, चष्मा, हातात लेखणी, आणि फ्लेक्सला लावलेला झेंडूचा हार.

गेनबानं टोपी काढून हात जोडले. म्हणाला, "चांगला माणूस होता."

सावळारामांनी सरपंचांना गाठलं. सरपंच गायत्रीताई, तरुण, चटपटीत बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की मोबाईलवर शोधलं तर खऱ्या अण्णांचाही फोटो आला होता. पण त्यात ते अण्णांसारखे दिसत नव्हते. गाव म्हणालं, हे आपले अण्णा नव्हेत. मग दुसरा घेतला. आता बदलायला वेळ नाही, आणि तुम्ही आलाच आहात तर प्रतिमापूजन तुमच्याच हातून होऊ द्या. मांडवातल्या टेबलावर त्याच फोटोची फ्रेम होती. सावळारामांनी स्वतःच्या फोटोला कुंकू लावलं, हार घातला, उदबत्ती ओवाळली. गेनबा गंभीर चेहऱ्यानं मोबाईलमध्ये फोटो काढत होता. तो बनाबाईंना दाखवायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घ्यावं लागलं.

खेळ खळ्यावर होता. शेणानं सारवलेलं, चारी बाजूंना पेंढा. स्टेज नाही. जिथं अण्णा बसणार त्याच पातळीवर हातभर अंतरावर लोक. पहिल्या रांगेत फुलाबाई, पाय पसरून. जन्म भातलावणीत गेलेली म्हातारी, अजून बांधावरनं तोल न जाता चालते. तिनं हा खेळ चारपाचदा पाहिलेला, आणि तिच्या लेखी सावळाराम कुणी नव्हतेच. ते अण्णा होते, दर दोनतीन वर्षांनी गावात येणारे. मघाशी हार घातलेला फोटो तिनं पाहिला होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार कशाला, एवढंच ती शेजारणीला म्हणाली होती.

स्पीकरजवळून गेनबानं विचारलं, "अण्णा घरात आहेत का?" सगळ्या खळ्यानं "आहेत" म्हणून उत्तर दिलं, आणि खेळ सुरू झाला. चांगला चालला. अण्णांचं पहिलं लग्न, शाळा सोडणं, पहिली गोष्ट परत आली तो दिवस. लोक हसायचे तिथं हसले. मग प्रकाशक आला. सावळाराम बस्कराकडं बघत ऐकत होते आणि ऐकता ऐकता उजवा पाय हळूच जागेवर आणत होते.

हे उठणं कसं असतं ते सांगायला हवं. मांडीतून उजवं पाऊल अंगाखाली घ्यायचं. छाती पुढं टाकायची, इतकी की आता तोंडावर पडणार असं वाटलं पाहिजे. पडायच्या आत मांड्यांनी अंग उचलायचं. हात भरलेले असले की तोल कमरेनं सांभाळायचा. सगळा खेळ एका क्षणाचा, आणि तो क्षण हुकला की माणूस पोत्यासारखा मागं बसतो.

सावळारामांनी कागद घेतले, दौत घेतली, छाती पुढं टाकली. आणि मागं बसले.

लोकांना वाटलं, अण्णा विचारात पडलेत. सावळारामांनी दम घेतला आणि पुन्हा जोर लावला. गुडघा कट्‌ करून वाजला. कॉलरला माईक होता, त्यामुळं तो आवाज पेंढ्यापर्यंत ऐकू गेला. पुन्हा खाली. डाव्या हाताची बोटं कागदांसकट जमिनीकडं निघाली होती. सावळारामांनी ती वरच्यावर थांबवली. टेकली तर खेळ संपला, आजचा आणि कायमचा. स्पीकरजवळ गेनबानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात फुलाबाई उठली. एका दमात, कशालाही हात न लावता. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढं आली, सावळारामांच्या हातातली दौत काढून शेजारणीकडं दिली आणि म्हणाली, "द्या हात."

सावळाराम कुजबुजले की आजी, बसा, खेळ चालू आहे. तेही सगळ्या खळ्याला ऐकू गेलं.

"मंग चालू द्या की. आदी उठा."

तिनं हात धरला नाही, मनगट धरलं. माणूस उठवायची सवय असलेलं कुणीही मनगटच धरतं, हात सुटतो. आपलं पाऊल तिनं सावळारामांच्या पावलाला आडवं लावलं, म्हणजे सारवणावर घसरायला नको. आणि ओढलं. अण्णा उभे राहिले.

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. सावळारामांनाही होतं. ते बोलू नये हे त्यांना कळत होतं, पण तीस वर्षं उभं राहिलं की तोंडातून तेच येत आलं होतं. तेच आलं.

"माझ्या गोष्टीतली माणसं कुणाचा हात धरून उठत नाहीत."

मनगट अजून फुलाबाईच्या हातात होतं. ती म्हणाली, "त्येंचं ठीक हाय, अण्णा. गोष्टीतल्या माणसास्नी गुडघं नसत्यात."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. गेनबा पुढं सांगायचा की त्या हसण्यानं खळ्यावरचा भुसा उडाला. गेनबाचं निम्मं सोडून द्यावं. पण गायत्रीताई तोंडाला पदर लावून मांडवाच्या खांबाला टेकल्या होत्या, हे खरं. फुलाबाई मात्र हसली नाही. ती काही जागेवर जायला तयार नव्हती. अण्णा परत पडले तर काय करायचं? तिनं मनगट धरूनच ठेवलं आणि सावळारामांना उरलेला प्रवेश तसाच करावा लागला. शेवटी प्रकाशक ऐकत नाही म्हटल्यावर ती रिकाम्या बस्कराकडं वळून म्हणाली, "येवढं सांगत्यात तर ऐका की वो त्येंचं." प्रकाशकानं ऐकलं असावं. खेळ संपला.

परतताना वेल्ह्यात चहाला थांबले. सावळाराम म्हणाले, संपलं. गेनबा म्हणाला, कशाचं संपलं, अट जमिनीला हात टेकण्याची होती, तू टेकला नाहीस. सावळाराम म्हणाले, नाही टेकला. पण मी उठलोही नाही, मला उठवलं. गेनबानं चहाला साखर कमी आहे असं चहावाल्याला सुनावलं.

भोरला पोचेपर्यंत बनाबाईंच्या मोबाईलवर खेळाचं सगळं चित्रण येऊन बसलं होतं. सरपंच बाईंनीच पाठवलं होतं. सावळारामांनी मेज टेम्पोतून उतरवून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. बनाबाई मेजाकडं बघत म्हणाल्या की एवढ्यात पापडाचं काही काम नाही.

"शब्द दिलाय," सावळाराम म्हणाले.

बनाबाईंनी मेजावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "तुमी उठायला लागता तवा माझा जीव वर असतो. उठल्यावं तुमी काय बोलता ते इतक्या वर्सांत मला ऐकूच आलं न्हाई. आज मोबाईलवर पयल्यांदा ऐकलं. बरं हाय की वाक्य."

त्या रात्री सावळारामांना झोप नाही. फरशीवरून चालणाऱ्याला फरशी बसवणाऱ्याचा घाम आठवला तर फरशीत काहीतरी चुकलेलं असतं. कुठंतरी चढउतार राहिलेला असतो. गेली काही वर्षं लोक अण्णांना बघत होते, की सावळाराम खुटवड उठतोय का हे बघत होते? टाळी नेमकी कशाला पडत होती? आणि विधवेला कुणाच्या आधाराला लावू नका म्हणणारे अण्णा स्वतः म्हातारपणी कसे उठत असतील, शेवटच्या वर्षी, घरात, कुणी बघत नसताना? त्यांनाही गुडघे होतेच.

सकाळी त्यांनी मेज परत बाहेर आणलं. वाक्य ठेवायचं, पण उठणं बदलायचं, असं ठरलं. कसं, ते मात्र ठरलं नव्हतं.

आठवड्याभरात मोबाईलवरचा खेळ बघून कामथडीहून फोन आला. खेळ पाहिजे, पण आजींसकट. सावळाराम म्हणाले, हा एकपात्री आहे. कामथडीवाले म्हणाले, असू द्या, आजी पाहिजेत. नाइलाजानं गायत्रीताईंकडून फुलाबाईला फोन जोडून घेतला. फुलाबाईनं आधी गुडघ्याची चौकशी केली. निरगुडीचा पाला बांधायला सांगितला. मग यायला साफ नकार दिला. वाल पेरायचा होता. वर म्हणाली, "कामथडीत म्हाताऱ्या न्हाईत व्हय?"

कामथडीला खेळ शाळेच्या आवारात दुपारी झाला. पलीकडं हमरस्त्यावर गाड्यांचा आवाज. आजी आल्या नाहीत म्हणून लोक जरा नाराजच बसले होते. प्रकाशक आला. बस्कराकडं बघत सावळारामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. कागद डाव्या हातात घेतले. दौत घेतली नाही. उजवा हात मोकळा ठेवला आणि पुढं केला, लोकांकडं.

कामथडीची माणसं रीतीची. खेळात मधे जायचं नाही हे त्यांना माहीत. कुणी हललं नाही. सावळारामांचा हात तसाच राहिला. खांदा भरून यायला लागला, पण हात खाली घेण्याचा प्रश्नच नव्हता. घेतला की तो जमिनीवरच जाणार होता. गेनबा स्पीकरजवळून खुणा करत होता, ये म्हणून, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग पहिल्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्या एकदमच निघाल्या. दोघी उभ्या राहिल्या. तिसरी अर्ध्यावर अडकली आणि तिनं शेजारणीचा पदर धरला. अण्णांना आणखी थोडं थांबावं लागलं, कारण आधी तिला उठवायचं होतं.