जग बुडायच्या आदल्या दिवशी
बेसन भाजल्याचा खमंग वास आला की खडकीच्या क्वार्टर्समधली ती संध्याकाळ आठवते. परदेशात शास्त्रज्ञ जमिनीखाली कणांची टक्कर घडवणार होते आणि त्यातून कृष्णविवर होऊन उद्या पृथ्वी गिळली जाणार, असं टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते. मी तेव्हा शाळेत होते, भीतीने आईच्या मागेमागे फिरत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू गरम लाडू घेऊन दारात आल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून त्यांचा आणि आईचा दोन वर्षं अबोला होता. "उद्याचं काही खरं नाही म्हणतात, म्हटलं आजच बोलून घ्यावं," काकू म्हणाल्या. आई म्हणाली, "आत या. चहापुरता वेळ आहे ना?" दोघी हसत सुटल्या आणि माझी भीती पळाली. आता मी विज्ञान शिकवते. त्या प्रयोगातून काय मिळालं, असं मुलं विचारतात तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर देते आणि काकूंचे लाडू आठवून गालातल्या गालात हसते.