आरोग्य खात्याची तंबाखू

अमेरिकेतली माझी पहिली नोकरी लोकांची तंबाखू सोडवण्याची होती. सनीव्हेलहून गाडीनं जवळच असलेल्या काउंटीच्या आरोग्य खात्यात मी हेल्थ एज्युकेटर होते आणि माझ्या खुर्चीमागे काळ्या पडलेल्या फुफ्फुसांचं भलंमोठं पोस्टर होतं. डबा खाताना मी त्याच्याकडे पाठ राहील अशी काळजी घेत असे. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत आणि मी सरकारी नोकरीत. नागपुरात आईनं 'सरकारी' हा शब्द असा काही फिरवला होता की लोकांना मी थेट राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसात आहे असंच वाटे.

तंबाखूच्या जोडीला डायबिटीसचं कामही माझ्याकडेच होतं. आमच्या भागात मूळ अमेरिकन आदिवासी लोकांची बरीच कुटुंबं होती. त्यांच्या आईवडिलांना फार पूर्वी सरकारनं नोकऱ्यांची आशा दाखवून डकोटाच्या गवताळ मुलखातून इथे आणलं होतं. आता साखरेनं घरोघर कुणाचा ना कुणाचा पाय गेला होता. त्यांच्यासाठी आम्ही पाय तपासायचं शिबिर ठेवलं, झकास रंगीत फ्लायर वाटले आणि एकही माणूस फिरकला नाही. आणलेली सँडविचेस आम्हीच आठवडाभर संपवत बसलो.

कारण सांगितलं ते आमच्याच ऑफिसातल्या नर्सनं. ती त्याच समाजातली, माझ्याच वयाची आणि बोलायला माझ्याइतकीच फटकळ. आँटी आल्याशिवाय कुणी येणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. ही आँटी म्हणजे सत्तरीच्या एक बाई. त्या समाजातले लहानथोर सगळेच त्यांना आँटी म्हणत आणि माझ्या डोक्यात त्याचं आपोआप मावशी झालं. मावशी अलीकडे लंगडत होत्या. पायाला काहीतरी झालंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या पाय कुणालाही दाखवत नव्हत्या. काही वर्षांपूर्वी त्यांची बहीण इस्पितळात असताना तिच्या उशाशी ठेवलेली पवित्र पानांची पुरचुंडी कुणीतरी झाडलोट करताना कचऱ्यात टाकून दिली होती. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. बहीण गेली आणि तेव्हापासून मावशींनी दवाखान्याची पायरी चढणं सोडलं. असंच चाललं तर मावशींचाही पाय जाणार, ही त्या नर्सची खरी भीती होती.

म्हणून असं ठरलं की पुढचं शिबिर त्यांच्याच कम्युनिटी हॉलमध्ये घ्यायचं आणि सुरुवात मावशींच्या प्रार्थनेनं करायची. ठरवलं अर्थातच मी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन करून करून माझा हात चांगला बसला होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रायोजकांचे आभार, सगळं कसं मिनिटांच्या हिशेबात. त्याच साच्यात मी प्रार्थनाही बसवली. नऊ वाजता पार्किंगची सूचना, मग पाच मिनिटं प्रार्थना, मग लगेच पाय. हा कार्यक्रम छापून मी मावशींच्या घरी घेऊन गेले. त्यांनी कॉफी दिली, नातीच्या बास्केटबॉलबद्दल सांगितलं, माझ्या आईची चौकशी केली. कागद वाचून टेबलावर पालथा ठेवला. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी खुशीत परत आले आणि काम फत्ते झाल्याचं नर्सला सांगितलं.

"तू त्यांना विचारलंच नाहीस," ती म्हणाली. "तू सांगून आलीस."

मग तिनं मला समजावलं. मोठ्या माणसाकडे प्रार्थना मागायची तर तंबाखू घेऊन जायचं. ओढायला नाही, द्यायला. ती पुढे धरायची, काय हवंय ते बोलायचं आणि वाट बघायची. त्यांनी घेतली तर हो. नाही घेतली तर गुपचूप घरी यायचं.

मला स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू. हे मला कुणी सांगावं लागावं? माझ्या लग्नात थोरल्या आत्याला घरी जाऊन अक्षत द्यायची राहिली, फोनवरच बोलावणं केलं, तर आत्या मांडवात आलीच नाही. तिचा रुसवा अजून निघालेला नाही. असल्या मानपानात वाढलेली मी, आणि सत्तरीच्या बाईच्या हातात छापील कागद ठेवून आले.

बॉसला कल्पना फार आवडली. फक्त आरोग्य खात्याला तंबाखू विकत घेता येणार नाही, असं तिनं माझ्या मागच्या पोस्टरकडे बघत सांगितलं. मग शनिवारी मी स्वतःच एका दुकानात गेले. बाहेर पडताना, नशीबच माझं, समोर मंडळातल्या एक काकू उभ्या. मी पुडी लपवायचा प्रयत्न केला आणि त्यामुळे ती जास्तच दिसली. ऑफिसचं काम आहे, असं मी म्हटलं. काकू "हो का" म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सनीव्हेलच्या अर्ध्या मराठी घरांत मी तंबाखू खाते हे पक्कं झालं होतं. उरलेल्या अर्ध्यांत मी ती ओढत होते.

नर्सनं सांगितल्याप्रमाणे पुडी लाल कापडात बांधायची होती आणि लाल कापडाची मला ददात नव्हती. हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस अमेरिकेतही कुणी शिवत नाही. ते नुसते या घरातून त्या घरात फिरत असतात. त्यातला एक मी कापला आणि त्याची फेऱ्यांतून सुटका केली.

या वेळी मावशींसमोर दोन्ही हातांनी पुडी धरली आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. लोकांचे पाय राहावेत म्हणून, मी म्हटलं. तुमचाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी पुडी घेतली. नंतर त्यांच्या अटी आल्या. फोटो काढायचे नाहीत. पाच मिनिटंबिनिटं काही नाही, लागेल तेवढा वेळ लागेल. आणि सेजच्या, म्हणजे त्यांच्या त्या पवित्र वनस्पतीच्या, सुक्या पानांचा धूर करायचा तो बाहेर अंगणात नाही, आत, जिथे पाय तपासणार तिथेच.

धूर म्हटल्यावर मी एकदम निर्धास्त झाले. स्मोक अलार्म हा इथल्या मराठी संसाराचा जन्माचा वैरी. फोडणी टाकली की तो बोंबलतो, सत्यनारायणाला धूप लावला की बोंबलतो. त्याचं तोंड बंद करण्यात आमचा हातखंडा. हॉल सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी आमचा घरगुती उपाय सांगितला, की डिटेक्टरवर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवायची. ते पांढरेफटक पडले. हा अलार्म थेट फायर स्टेशनला जोडलेला होता. मात्र तेवढ्या वेळापुरता तो रीतसर बंद ठेवता येतो, फक्त एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन पहाऱ्याला उभा करावा लागतो, असंही त्यांनीच सांगितलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

असा फुकटचा माणूस म्हणजे नवरा. पुण्याचा असल्यामुळे त्यानं ड्यूटी फारच मनावर घेतली. सिलिंडरवरच्या सूचना दोनदा वाचल्या आणि त्या कशा चांगल्या लिहिता आल्या असत्या ते मला सांगितलं.

शिबिराच्या सकाळी हॉल भरला. म्हातारेकोतारे, लेकीसुना, कुबड्या, व्हीलचेअर, सगळे आले, कारण मावशी येणार होत्या. मावशींनी एका शिंपल्यात सेज पेटवली आणि हळू आवाजात प्रार्थना सुरू केली. धूर एकेकापाशी जाई आणि आपण आरती घेतो तसा लोक तो ओंजळीनं घेऊन डोक्यावरून, छातीवरून फिरवत. इतकी शांतता की मलाही बोलावंसं वाटेना.

धूर हळूहळू वर चढला आणि डिटेक्टरखाली गोळा झाला. नवऱ्यानं ते पाहिलं. अलार्म बंद आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं, पण त्याच्या हातांना ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांची फोडणीची सवय उसळून आली. सिलिंडर खाली ठेवून तो खुर्चीवर चढला आणि माझ्याच फ्लायरच्या गठ्ठ्यानं धूर दाराकडे हाकलू लागला. लोक जो धूर अंगावर घेत होते, तोच.

आता मावशी उठून जातील आणि त्यांच्यामागून सगळा हॉल जाईल, याबद्दल मला जराही शंका राहिली नाही. मावशी थांबल्या. त्यांनी मान वर करून खुर्चीवरच्या माणसाकडे पाहिलं.

"बाळा, त्याला हाकलू नकोस," त्या म्हणाल्या. "तो तुझ्यासाठीही आहे. खाली ये."

नवरा खाली उतरला. गडबडीत चक्क मराठीत "चुकलं मावशी" म्हणाला आणि ओंजळ करून त्यांच्यापुढे उभा राहिला. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले आणि सगळ्यात जास्त वेळ मावशी हसल्या. मग त्यांनी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. चांगला पाऊण तास लागला.

त्यानंतर मात्र सगळे कॉफी घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. तपासायच्या खुर्च्या रिकाम्याच. सगळ्यांच्या नजरा मावशींकडे होत्या. मावशी लंगडत पहिल्या खुर्चीपाशी गेल्या, बसल्या आणि बुटाच्या नाडीला हात घालू लागल्या. त्यांना वाकता येईना. मी खाली बसून नाडी सोडली. मोजा जखमेला चिकटला होता. आमची नर्स एरवी कशालाच बधत नसे. तिनं पाय पाहिला आणि ती माझ्या शेजारी खालीच बसली. आजच, आत्ताच इस्पितळात जायला हवं, असं ती म्हणाली.

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू चल," त्या म्हणाल्या. "काही करण्याआधी मला विचारा, असं त्यांना सांग. तुला आता विचारायला येतं."

मी तिथेच, त्यांचा पाय हातात धरून, सगळ्यांदेखत रडले. नवरा गाडी आणायला धावला. आम्ही मावशींना बाहेर नेत होतो तेव्हा मागे एकेक जण खुर्चीत बसून बूट काढायला लागला होता.

त्यांचं एक बोट काढावं लागलं, तेही त्यांना विचारूनच. पाय राहिला. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारायला गेले, बेल वाजवली आणि दार उघडायला मावशी स्वतः चालत आल्या.