कॉटन हाउसमधली ओटी

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई. आमच्या घरी अंगारे-धुपारे, नवस, 'बाहेरचं' वगैरेला कधीच थारा नव्हता. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही.

२००६ साल, सिंगापूर. नवरा मिलिंद जुरोंग आयलंडवर इंजिनियर. सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो संध्याकाळी सात वाजता उगवायचा. कातोंगच्या एका आतल्या रस्त्यावर जुन्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. लाकडी जमीन, उंच छत, मागे लांबलचक व्हरांडा. खाली मालकीणबाई राहायच्या, सत्तरीच्या चिनी आंटी. गेटच्या खांबावर 'कॉटन हाउस' अशी पुसट अक्षरं होती. कॉटन हे कुणा साहेबाचं आडनाव असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मला पाचवा महिना लागला होता. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी सक्त बेड रेस्ट सांगितली होती. हे मूल हवंच होतं मला... दिवसभर मी आणि छताचा पंखा.

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम सांगते. व्हरांड्याच्या टोकाला एक हडकुळी बाई उभी. कमरेला जाडंभरडं कापड, त्याचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर केलेला. मान खाली. आंटींकडे कामाला आलेली तमिळ बाई असेल म्हणून मी हाक मारली — तर व्हरांडा रिकामा! आणि तिथून खाली उतरायला जिनाच नव्हता.

तीन दिवस ती त्याच वेळी आली. मी पोटुशी, आणि समोर पदर पसरून उभी असलेली बाई... माझ्या डोक्यात एकच आलं, ही ओटी मागतेय. मिलिंदला सांगितलं असतं तर हसून लोळला असता. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा दम विसरून मी उठले आणि मूठभर तांदूळ, एक नारळ व्हरांड्यात ठेवून आले. स्वतःलाच हसत.

दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या दारात होती. जास्त वाकलेली. मी पुन्हा तांदूळ ठेवले. त्यानंतर थेट माझ्या पलंगाच्या पायथ्याशी, जवळजवळ दुमडलेली. माझीही कंबर अशी धरली की उठवेना, ओटीपोटात नुसतं ओझं. मग मात्र माझी घाबरगुंडी उडाली.

त्याच आठवड्यात यवतमाळहून आई आली. आईने पन्नाशीपर्यंत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं. तिला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दुपारी माझ्या पायांना तेल लावता लावता तिचा हात थांबला.

"हे कोन वं?"

"तुला दिसतेय?"

"दिसते म्हंजे? वेचनारीन हाय. भरली ओटी घेऊन उभी हाय बिचारी."

"अगं, ती मागतेय. मी तांदूळ घातले..."

"भरल्या ओटीत अजून घातलं?" आई खेकसली. "वेचनीची ओटी व्हय ते! ते मांगत नाई, रिकामी कराले जागा पाहून रायली."

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात. भरली की चादरीवर ओततात, तोवर ओझं अंगावरच. लहानपणी मी आईबरोबर जायचे, मला हे कळायला हवं होतं. शिकले आणि विसरले.

आईने कपाटातली चादर जमिनीवर अंथरली आणि शेतातल्या जोडीदारणीला म्हणावं तसं म्हणाली, "ये वं माय. कर ओटी रिकामी. मोकळी हो."

म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला. माझ्या पोटाकडे बघत तिने तोंडावर हात ठेवला. पलंगाच्या पायथ्याशी आता कुणीच नव्हतं.

आईने चादरीची चार टोकं धरून उचलली. आत काही दिसत नव्हतं, पण तिला दोन्ही हात लावून जोर करावा लागला. माझ्या कमरेचं ओझं त्याच क्षणी उतरलं. इतकं हलकं वाटलं की मी रडले.

पाचव्या दिवशी माझं बाळ गेलं. मुलगी होती. डॉक्टरांनी कारण सांगितलं, आधीच्या दोन्ही वेळचंच. ते मला पटलंही.

महिन्याभरात आम्ही घर सोडलं. निघताना आंटींना विचारलं, कॉटन नावाचे साहेब कोण होते? त्या हसल्या. "नॉट नेम लाह! रिअल कॉटन." शे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्याने तिथे कापसाचा मळा केला होता. मूळ बंगला त्याचाच. इथे पाऊस थांबतो कुठे? बोंडं झाडावरच सडली, साहेब सगळं टाकून निघून गेला, मग त्या जागी नारळ लावले. "वेचायला कोण होतं?" मी विचारलं. "कुली, कैदी... हू नोज? त्यांची नावं कोण विचारतं?"

आई पुढे सहा वर्षं होती. फोन ठेवता ठेवता दर वेळी म्हणायची, "बाई, म्या तुले नोतं म्हटलं वं." मी म्हणायचे, माहीत आहे आई, शब्दाने काही होत नसतं. ती बाई कोण, दोघींना कशी दिसली, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. शोधणंही सोडलंय. फक्त एक गोष्ट मी आईला शेवटपर्यंत सांगू शकले नाही. ती "मोकळी हो" म्हणाली, तेव्हा त्या ओझ्याने मी इतकी थकले होते, की मला वाटलं ती माझ्याशीच बोलतेय... आणि मी "हो" म्हणाले होते.