एका झाडापुरता सापळा

मुलाशी फोनवर काय बोलावं ते मला सुचत नाही. तो पुण्याला असतो. "जेवलास काय?" "जेवलो." "सगळी बरी हायत न्हवं?" "बरी हायत." एवढंच. मग तो म्हणतो, "ठेवू?" आणि मी म्हणते, "ठेव."

म्हणून मी पेरू पाठवायची. मोरीच्या मागं आमचं एक पेरूचं झाड आहे. धुण्याभांड्यांच्या पाण्यावर वाढलेलं, पण फळ मोठं धरतं. गावातला एकजण गाडी घेऊन पुण्याला जातो, त्याच्याकडे पिशवी दिली की झालं. पेरू पोचले की सूनबाई फोन करायची, नात मागून ओरडायची, "आजी, अजून पाठव!" तेवढं मला पुष्कळ दिवस पुरायचं.

गेल्या पावसाळ्यात पिशवी पाठवली आणि फोन मुलाचा आला. "आई, पेरू नको पाठवूस आता. पोरीनं अर्धा खाल्ला आन् मग दिसल्या अळ्या. लई रडली. पेरू बघितला तरी लांब पळतीया."

"बरं," म्हटलं.

वरून पेरू चांगलेच दिसत होते. मी एकेक पुसून भरला होता. आता झाडावरचे नीट पाहिले तेव्हा सालीवर सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसले. तिथं दाबलं की बोट आत जायचं. कापला की आत पांढऱ्या अळ्या. ताटात ठेवल्या तर अंग मुडपून टुणकन उडायच्या.

माशी फळ टोचून आत अंडी घालते, तिचा सापळा मिळतो असं ऐकलं होतं. बाजारच्या दिवशी पेठ वडगावला गेले. शेतीच्या औषधांच्या दुकानात सगळी पुरुषमंडळी. मी दाराशी उभी राहिले. कितीतरी गिऱ्हाइकं माझ्या पुढनं आत गेली आणि माल घेऊन बाहेर आली. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "बोला मावशी, काय पायजे?"

"पेरवाच्या माशीचा सापळा."

"किती एकर बाग?"

"बाग न्हाय. एक झाड हाय."

बाकावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "एका झाडाला सापळा? सोन्याचं पेरू लागत्यात काय मावशी?" माझे कान तापले. परत फिरावं असं वाटलं, पण दुकानदारानं सापळ्याचा डबा काढला होता. त्यात वासाची एक वडी होती. तो म्हणाला, "ह्या वासाला नर येत्यात. निस्तं नर. मादी येत न्हाय. तवा सापळा लावला आन् झोपलो, असं चालायचं न्हाय. खाली पडल्याल्या पेरवांचं काय करतासा?"

"पुरतो की. झाडाच्या बुडात. खत हुतंय."

"किती खोल?"

मी चार बोटं दाखवली.

"आवो, मग माशा तुमीच पाळल्यासा की!" तो म्हणाला आणि सगळं दुकान परत हसलं. पण त्यानं समजावून सांगितलं. पेरू खाली पडला की अळी बाहेर येते, मातीत शिरते, तिथं तिचा गव्हासारखा दाणा होतो आणि त्यातनं नवी माशी निघते. मी इमानानं दर सकाळी पेरू पुरत होते आणि माशा तिथनंच उठून परत झाडावर जात होत्या.

घरी येऊन डबा फांदीला अडकवला. थोड्या वेळानं माशा आल्या. पिवळ्या कमरेच्या, गांधीलमाशीसारख्या, पण बारीक. त्या माझ्या ओळखीच्या होत्या. तुळशीच्या पानांवर त्या कायम बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, देवाचं झाड म्हणून बसत असतील. पुढच्या खेपेला दुकानदार म्हणाला, वडीचा आणि तुळशीचा वास एकाच जातीचा असतो. म्हणजे तिथंही नरच येत होते. मादी मात्र मला कधी दिसली नाही. ती वर पानांत कुठंतरी आपलं काम करत असणार.

झाडाबुडची माती मी खुरप्यानं उकरली. तपकिरी दाणे वर आले. शेजारणीच्या कोंबड्या कुंपणातनं आत यायच्या, त्यांना मी हाकलायची. आता दाणे टिपू देत म्हणून फट मोठी करून दिली. शेजारीण कुंपणावरनं म्हणाली, "काय गं, आज माझ्या कोंबड्यांचा पाहुणचार?" मी नुसती हसले. सांगायला पाहिजे होतं, पण सांगायला लागलं की सगळंच सांगावं लागतं.

पडलेले पेरू खताच्या रिकाम्या पोत्यात भरून, अळ्या आतच मराव्यात म्हणून तोंड आवळून पत्र्यावर उन्हात टाकायला लागले. जुन्या मलमली लुगड्याच्या सैल पिशव्या शिवल्या आणि फळ लिंबाएवढं असतानाच एकेकावर चढवल्या. झाड लहान पोरांना टोपडी घातल्यासारखं दिसायला लागलं. संध्याकाळी मी त्याच्याकडे बघत बसायची. दुसरं बघायला कोण होतं?

थंडीत पेरू पिकले. वेताची बुट्टी भरली आणि मग हात थांबला. न कापता आतलं कळणार कसं? एक कापला. चांगला. दुसऱ्याचा काय भरवसा? तोही कापला. असं करत बुट्टी अर्धी झाली. एकातही अळी नव्हती. मग विळी बाजूला सारली आणि उरलेले पाठवून दिले. फोडी शेजारच्या म्हशीला घातल्या.

दुसऱ्या दिवशी फोनपाशी बसून राहिले. मुलाचाच आला.

"आई, पेरू पोचलं."

"बरं."

"हिनं सगळं कापून बघितलं. एकातबी न्हवती अळी."

"बरं झालं."

मागं टीव्ही चालू होता. नातीचा आवाज येतो का ते मी ऐकत होते. तिनं खाल्ला का, गोड होते का, एवढंच विचारायचं होतं. पण त्यांनी पेरू अळीसाठीच कापले होते. मीसुद्धा अळीसाठीच कापले होते. 

"ठेवू?"

"ठेव."

मागं गेले. एका पेरूची पिशवी सोडवली, तोडला, कापला. सवयीनं फोडी उजेडात धरून पाहिल्या. काही नव्हतं. तेव्हा ध्यानात आलं, एवढे कापले, पण यंदा एक फोडही तोंडात टाकली नव्हती. धुण्याच्या दगडावर बसून सगळा खाल्ला. बी जास्त होतं, पण गोड होता. चांगला गोड होता.

मग हात धुतले, खाली पडलेला एक उचलला आणि पोत्यात टाकून तोंड आवळलं.